दशरथचा अंगठा

"मेन बंद करा," श्रीनिवासराव म्हणाले.

साईनाथ हरपळेने खटका खाली ओढला. पंखे रेंगाळत थांबले, भट्टीच्या ब्लोअरचा आवाज बसत गेला, आणि लिफ्टरवरचा भोंगा तेवढा आपल्या बॅटरीवर केकाटायला लागला. शेडमधल्या सगळ्यांच्या नजरा एकाच जागी होत्या. रबरी वाट्यांना चिकटलेली, दाराच्या फळीपेक्षा मोठी काच छातीइतक्या उंचीवर हवेत लटकत होती.

ती पडली नाही.

सरकारी निरीक्षक हात मागे बांधून बघत राहिले. बराच वेळ झाला तरी काच हलली नाही, तेव्हा त्यांनीच भोंगा बंद करायला सांगितला. "लाईट गेली म्हणून काच सुटत नाही, हे तर दिसलंच," ते म्हणाले. "म्हणजे लाईट मिचकली तेव्हा ऑपरेटर दचकला आणि सोडायचं बटण दाबलं गेलं."

"दुसरं काय असणार?" श्रीनिवासराव म्हणाले. "मशीनला दचकता येत नाही. तेवढी सोय अजून निघालेली नाही."

कोणी हसलं नाही. साईनाथचा हात अजून खटक्यावरच होता. काच का पडली नाही हे त्या शेडमध्ये फक्त त्याला माहीत होतं. पंधरवड्यापूर्वी अशीच एक काच का पडली होती, हेही त्यालाच.

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात इमारतींना लागणाऱ्या मोठ्या काचा कापून, भाजून, कडक करून मिळत. साईनाथ तिथला मेंटेनन्सचा माणूस. मशीन बंद पडलं की त्याला हाक, चालू असलं की त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. लिफ्टर चालवायचा दशरथ कामठे. दोघं एकाच वर्षी कामाला लागले, रोज एका बाकावर डबे उघडले. साईनाथ हडपसरचा, दशरथ फुरसुंगीचा. दोघांच्याही गावांचं शहर झालं आणि दोघांच्याही शेतांवर आता सोसायट्या होत्या. आपणच कडक केलेली काच आपल्याच रानात उभ्या राहिलेल्या इमारतीला लागली, असं दशरथ एकदा हसत म्हणाला होता.

लिफ्टरचं काम तसं सरळ. पंप एका टाकीतली हवा ओढून काढतो. टाकीपासून नळ्या रबरी वाट्यांपर्यंत जातात. वाट्या काचेवर टेकल्या की त्यांच्यातलीही हवा टाकीकडे ओढली जाते आणि काच चिकटून बसते. मधे असतो एक मुठीएवढा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. कॉइलला करंट मिळाला की आतली दांडी सरकते आणि हवेची वाट बदलते. काच धरायची की सोडायची, हे तो ठरवतो. तो मुद्दामच एका ठरावीक स्वभावाचा बसवतात. करंट नसताना त्याची टाकीकडची वाट उघडी राहते, आणि काच सोडायची असेल तेव्हाच त्याला करंट द्यायचा. म्हणजे लाईट गेली तरी टाकी वाट्यांना धरून ठेवते, वाट्या काचेला. माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळतो.

श्रावणातल्या एका शनिवारी त्या व्हॉल्व्हची कॉइल जळाली. गाडी दारात लावलेली, माल बाणेरच्या एका इमारतीचा, आणि श्रीनिवासराव शेडमध्ये फेऱ्या मारत होते. साईनाथ मोटारसायकल काढून बुधवार पेठेत गेला. गल्लीतल्या दुकानदाराने जळका व्हॉल्व्ह हातात फिरवून पाहिला.

"करंट नसताना उघडा राहणारा पाहिजे ना? तो नाहीये. बुधवारी येईल. बंद राहणारा आहे."

"बाकी सगळं सारखंच ना?"

"बाकी सगळं सारखंच. फक्त काम उलटं."

साईनाथला फरक चांगला कळत होता. त्याने बुधवारसाठी बरोबरचा सांगून ठेवला आणि उलटा घेऊन आला. पॅनेलमधल्या दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या. आता काच धरायला करंट लागणार होता आणि करंट काढला की ती सुटणार होती. दशरथच्या बाजूने काहीच बदललं नाही. तेच बटण, तोच दांडा. पहिली काच उचलली गेली तेव्हा श्रीनिवासरावांनी सगळ्यांसमोर साईनाथच्या पाठीवर हात ठेवला. "हरपळे, तुम्ही नसतात तर आज मला बाणेरला काच डोक्यावर घेऊन जावं लागलं असतं." त्यांच्या तोंडून कौतुक निघणं ही गोष्ट कारखान्यात फार दुर्मीळ होती. हे तात्पुरतं आहे, लाईट गेली तर धोका आहे, हे त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. पण हात पाठीवर होता, आणि साईनाथला तो तिथे जरा वेळ राहायला हवा होता.

बुधवारी बरोबरचा व्हॉल्व्ह आला. साईनाथने तो आपल्या हत्यारांच्या कपाटात ठेवला. बदलायचा तर लिफ्टर तासभर थांबवायचा, आणि का थांबवायचा ते सांगायचं. उद्या करू, असं म्हणत आठवडा गेला. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत लाईट गेली. साईनाथ डबा टाकून शेडमध्ये धावला. लिफ्टर मोकळाच होता. त्याने भिंतीला टेकून दम घेतला. मागून दशरथ आला. "काय रं, भूत बघितलं काय?" साईनाथ म्हणाला, "काही नाही, पंप बघायला आलो." आणि बाकावर परत जाऊन त्याने दशरथच्या डब्यातली वांग्याची भाजी घेतली.

तेव्हाही त्याने व्हॉल्व्ह बदलला नाही.

मग तो गुरुवार आला. आभाळ भरून आलं होतं. दशरथ काच उचलून रॅककडे वळवत होता. दिवे एकदा मिचकले आणि गेले. साईनाथ तेव्हा भट्टीपाशी होता. त्याने आधी आवाज ऐकला, मग दशरथची हाक. आई गं, एवढीच. काच डाव्या हातावरून कोपरापासून मनगटापर्यंत घसरत खाली गेली होती. साईनाथने खांद्यावरचा टॉवेल दशरथच्या दंडाला आवळला आणि दशरथला उचलून टेम्पोत घातलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत साईनाथने त्या गाठीवरचा हात काढला नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आवळलंत म्हणून माणूस वाचला. शिरा तुटल्या आहेत, हात राहील, पण बोटांचं सांगता येत नाही.

दशरथची बायको आनंदी हे ऐकून साईनाथच्या बायकोच्या, हिराच्या पाया पडायला वाकली. "तुमच्या माणसानं माझा माणूस आणून दिला, बाई," ती म्हणाली. हिराने तिला वरच्या वर धरली आणि दोघी रडल्या. साईनाथ तिथेच खांबाजवळ उभा होता.

दशरथच्या चपला आणि डब्याची पिशवी आणायची म्हणून संध्याकाळी तो कारखान्यात परत आला. शेड धुऊन काढली होती. श्रीनिवासराव दवाखान्यात, बाकीचे घरी. चपला लिफ्टरच्या पायाशीच होत्या, एक सुलटी, एक उलटी. साईनाथने त्या पिशवीत घातल्या. मग कपाट उघडलं, बरोबरचा व्हॉल्व्ह काढला, आणि लिफ्टरचा डबा खोलून तो बसवला. वायरी पहिल्यासारख्या केल्या. रक्ताचा वास फिनेलमधूनही येत होता. तरी त्याचे हात जराही थरथरले नाहीत, आणि ही गोष्ट त्याला पुढे सगळ्यात जास्त टोचत राहिली. दशरथला उचलताना थरथरणारे हात चोरी झाकताना स्थिर होते.

काढलेला व्हॉल्व्ह त्याने चपलांबरोबर पिशवीत टाकला. वाटेत कालव्यावर गाडी थांबवली. खडकवासल्याहून सोडलेलं पाणी काठोकाठ वाहत होतं. पिशवीत हात घातला तर आधी दशरथची चप्पल हाताला लागली. तो तसाच उभा राहिला, आणि मग व्हॉल्व्ह पाण्यात न टाकताच गाडीला किक मारून घरी आला.

निरीक्षकांची तपासणी झाली त्या संध्याकाळी साईनाथ रोजच्यासारखा फुरसुंगीला गेला. दशरथ काही दिवसांपूर्वी दवाखान्यातून घरी आला होता. कॉटवर भिंतीला टेकून बसला होता, डावा हात उशीवर. बोटं अर्धी मिटलेली. ती उघडत नव्हती आणि धड मिटतही नव्हती.

"झाली का तपासणी?" त्याने विचारलं.

"झाली."

"मग?"

"मेन बंद केलं," साईनाथ म्हणाला. "काच पडली नाही."

दशरथ काही वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. "मंग मीच दाबलं असंल."

"कशाला असं म्हणतोस?"

"दुसरं कोण व्हतं तिथं? मी रोज आठवून बघतो, साईनाथ. लाईट मिचकली, तितवर समदं आठवतंय. उजवा हात दांड्यावर व्हता. अंगठा कुठं व्हता त्येवढंच आठवत न्हाई. डोळं मिटलं की अंगठाच दिसतोय. कवा बटणावर, कवा बाजूला." त्याने अंगठा वर करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. "आता आता तर बटणावरच दिसाया लागलाय."

आनंदी चहा घेऊन आली. "भावजी, तुमी तरी सांगा ह्यास्नी. दिसभर त्योच इषय. वरनं आमची नणंद म्हणती, मोबाईल बघत असंल. धाकटा दीर म्हणतो, घेतली असंल थोडी. ह्या माणसानं आविष्यात कवा थेंब घेतला न्हाई."

"म्हणू दे त्यांना," दशरथ म्हणाला. "चूक झाली म्हटल्यावर लोक बोलणारच." मग तो जरा सावरून बसला. "सर येऊन गेले सकाळी. गेटवर बसवतो म्हणले. बसून काम. पण तपासणीत मशीन बरोबर निघालं तर शनिवारी मीटिंग हाय. समद्यांफुडं सांगायचं, माझी चूक कशी झाली त्ये. म्हंजी बाकीचे सावध ऱ्हातील."

"तू सांगणार?"

"का न सांगू? खरंच हाय की त्ये. आन् माझ्यामुळं कारखान्याचं नाव खराब झालं, त्येचं कायतरी नको?"

साईनाथने कपाला ओठ लावला. चहा गरम होता तरी त्याने एका दमात संपवला, बोलायला तोंड मोकळं राहू नये म्हणून. त्याला वाटलं, आत्ता. आनंदी आत गेली की. आनंदी आत गेली. दशरथ म्हणाला, "तू व्हतास म्हणून, लेका. न्हाईतर मी तिथंच संपलो असतो." आणि साईनाथच्या तोंडून निघालं, "शनिवारी मी न्यायला येतो."

दारापर्यंत आनंदी सोडायला आली. "तुमीच या. दुसऱ्या कुणाच्या गाडीवर बसाया भितात आता."

घरी हिरा मेथी निवडत होती. साईनाथ तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. बुधवार पेठ, कपाट, फिनेलचा वास, कालवा. हिराचे हात मधेच थांबले आणि पुन्हा चालू झाले.

"नोकरी जाईल," ती म्हणाली.

"जाईल."

"पोलीस?"

"येतील बहुतेक."

तिने निवडलेली पानं टोपलीत टाकली. नंतर मान वर न करता म्हणाली, "आनंदी माझ्या पाया पडत होती, तेव्हा तुम्ही खांबापाशी उभे होतात."

"हो."

"बघत होतात."

साईनाथने मेथीची एक काडी उचलली आणि परत ठेवली.

"मी रोज भाकरी घेऊन जात होते. ती म्हणायची, तुमच्या घरचं अन्न गोड लागतं. आणि तुम्ही मला इथून डबा भरून पाठवत होतात." हिराचा आवाज चढला नाही. चढला असता तर साईनाथला बरं वाटलं असतं. "तुमचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. माझं तोंड मात्र मला आता तिला दाखवता येणार नाही, ते तुम्हीच केलंत."

ती उठून आत गेली. जेवायला वाढलं, पण त्याच्याबरोबर बसली नाही.

शुक्रवारी साईनाथ श्रीनिवासरावांच्या केबिनमध्ये गेला. सांगायलाच गेला होता. श्रीनिवासराव फोनवर होते. फोन खाली ठेवून म्हणाले, "बोला. पण दुःखद काही असेल तर सोमवारी."

साईनाथचं बोलणं पुन्हा भलतीकडे वळलं. "उद्याच्या मीटिंगला लिफ्टर चालवून दाखवू का? लाईट गेल्यावर काय होतं ते. पोरांना कळेल."

"प्रात्यक्षिक? उत्तम. माझ्या भाषणापेक्षा लोक ते तरी बघतील."

शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्याने उलटा व्हॉल्व्ह पुन्हा बसवला. कडेला टाकून दिलेली एक चिरलेली काच वाट्यांना लावली आणि गुडघ्याइतकीच वर उचलली. खाली वाळूच्या गोणी अंथरल्या, चहूबाजूंनी लांबवर दोरी बांधली. मग फुरसुंगीला जाऊन दशरथला घेऊन आला. गाडीवर दशरथ उजव्या हाताने त्याचा खांदा धरून बसला होता. खड्डा आला की पकड घट्ट व्हायची.

शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. श्रीनिवासराव थोडं बोलले. मग दशरथ उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, डावी बाही दंडापर्यंत दुमडलेली. त्याला समोर बोलायची सवय नव्हती.

"मी दशरथ कामठे. मला समदे वळखता. त्या दिशी माझ्या हातनं..." तो थांबला. "लाईट मिचकली. माझं ध्यान व्हतं, पर... माझ्या अंगठ्यानं..." त्याने उजवा हात पुढे केला आणि अंगठा दाबून दाखवायला गेला. अंगठा तसाच अधांतरी राहिला. त्याला पुढचा शब्द सापडेना. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी नजर खाली घातली.

"दशरथ, थांब," साईनाथ म्हणाला. "खाली बस. तू काही केलं नाहीस."

श्रीनिवासरावांनी भुवया उंचावल्या. साईनाथ पॅनेलकडे चालत गेला. "दोरीच्या आत कोणी येऊ नका," तो म्हणाला, आणि मेन बंद केलं.

काच खाली आली. गोणीवर आपटली, कडेवर कलली आणि फुटली. तुकडे दोरीपर्यंत सरपटत आले. भोंगा वाजत राहिला. तो बंद करायला कोणीच उठलं नाही, शेवटी साईनाथनेच केला.

मग तो बोलला. आधी व्हॉल्व्ह उलटा कसा, ते. मग कपाटात बरोबरचा होता, ते. मग संध्याकाळी येऊन बदलला, ते. बोलताना तो दशरथकडे बघू शकला नाही, फुटलेल्या काचेकडे बघत राहिला.

श्रीनिवासराव उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे निरीक्षकांसमोर जे झालं ते नाटक होतं," ते सावकाश म्हणाले. "आणि मी त्यात फुकट काम केलं." ते दशरथच्या खुर्चीशी गेले. "कामठे, मी तुम्हाला इथे उभं केलं," ते म्हणाले आणि तसेच उभे राहिले.

दशरथचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. "म्हंजी माझा अंगठा..."

"बटणावर नव्हता," साईनाथ म्हणाला. "असता तरी, नसता तरी, काच पडणारच होती."

दशरथने खिशातून मोबाईल काढला. एका हाताने त्याला नंबर लावायला वेळ लागला. तो दाराकडे चालत गेला, पण आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "आनंदी? अगं, म्या न्हाई दाबलं! म्या न्हाई दाबलं गं! न्हाई, न्हाई, मशीनच... अगं रडती कशापायी? ताईला सांग. आधी ताईला फोन लाव, तिला सांग!" तो हसत होता. इतके दिवस कोणी ऐकलं नव्हतं असं मोकळं, मोठ्याने. ते ऐकून साईनाथच्याही चेहऱ्यावर हसू आलं. आलेलं त्याला कळलं, आणि त्याने मान खाली घातली.

फोन बंद करून दशरथ परत आला. साईनाथसमोर उभा राहिला. हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, पण डोळे वेगळे होते.

"तू रोज येत व्हतास," तो म्हणाला.

"हो."

"मी म्हणायचो, मीच दाबलं असंल. आन् तू चहा प्यायचास."

साईनाथने हात जोडायला उचलले.

"नको," दशरथ म्हणाला. "हात पडला त्येचं एक येळ समजून घेईन. मशीनवर चूक व्हती. पर तू माझ्याकडनं वदवून घेत बसलास." तो वळला. दाराशी गेल्यावर त्याने एका पोऱ्याला विचारलं, "फुरसुंगीची बस अजून कोपऱ्यावरच थांबती का?"

त्यानंतर सगळं रीतसर झालं. तपासणी पुन्हा झाली, साईनाथचा जबाब झाला, नोकरी गेली, कोर्टात केस उभी राहिली आणि तारखा पडत राहिल्या. दशरथला श्रीनिवासरावांनी माल पाठवण्याच्या विभागात घेतलं, खुर्चीवरच्या कामाला. नवा लिफ्टर आणला. जुना भंगारात गेला.

साईनाथला मांजरीच्या रस्त्यावर एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. तिथे फरसाणवाल्यांची पिशव्या बंद करायची मशीनं दुरुस्तीला येतात. त्यांतही पंप असतो, तसाच सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. पिशवीतली हवा ओढायची, तोंड चिकटवायचं, मग हवा आत सोडायची. लाईट गेली तर फार तर चिवडा मऊ पडेल. तरी साईनाथ प्रत्येक मशीन मधेच बंद करून बघतो. मालक म्हणतो, "काका, चिवडाच आहे." साईनाथ मान हलवतो आणि पुन्हा एकदा बघतो.

हिरा हळूहळू त्याच्याशी बोलायला लागली. आधी कामापुरतं, मग थोडं जास्त. फुरसुंगीचं नाव मात्र दोघांपैकी कोणी काढत नव्हतं.

वैशाखात एका सकाळी दार वाजलं. आनंदी होती. साईनाथ आतल्या खोलीत दाढी करत होता, तो तिथेच थांबला. आनंदी बसली नाही. तिने हिराला कुंकू लावलं. "पोरीचं, तेजस्विनीचं लगीन हाय रविवारी. तुमी या, बाई."

"आनंदी, मी कोणत्या तोंडानं..."

"तुमी भाकरी आणत व्हता. तुमास्नी तरी कुठं ठावं व्हतं?" आनंदी म्हणाली. तिने कुंकवाची डबी मिटली. मग आनंदीच पुन्हा म्हणाली, "तुमी या." तेवढंच. तुम्ही दोघं, असं ती म्हणाली नाही. साईनाथच्या गालावरचा साबण सुकून ताणायला लागला होता.

रविवारी हिराने लग्नातली साडी नेसली. रिक्षाने जाते म्हणाली. "सोडतो," साईनाथ म्हणाला. "आत येत नाही."

कार्यालय सासवड रस्त्याला होतं. त्याने गाडी समोरच्या बाजूला उभी केली. हिरा रस्ता ओलांडून गेली. गेटात सनई वाजत होती. दशरथ दारातच उभा होता, नवा पांढरा शर्ट, डोक्याला फेटा. येणाऱ्या प्रत्येकाला तो नमस्कार करत होता. डावा हात आपोआप वर येत नव्हता, म्हणून उजव्या हाताने मनगट धरून तो डावा छातीपाशी आणायचा, अर्ध्या मिटलेल्या बोटांवर उजवा तळवा टेकवायचा, आणि मान लववायचा. पाहुणे घाईत पुढे गेले तरी तो आपला नमस्कार पुरता करायचा. हिराला त्याने तसाच केला. तिने काहीतरी म्हटलं, तो हसला, आणि आनंदी तिला आत घेऊन गेली.

मग त्याने रस्त्यापलीकडे पाहिलं.

मधून बस गेली, एक पाण्याचा टँकर गेला. तो गेल्यावरही दशरथ बघतच होता. बाकावर शेजारी बसून जेवलेल्या या दोघांनी एकमेकांना कधी नमस्कार केला नव्हता. 'आलास?' आणि 'चल', एवढ्यावर भागायचं. दशरथने डाव्या हाताचं मनगट धरलं, हात छातीपाशी आणला, बोटांवर तळवा टेकवला आणि मान लववली. कुठल्याही दूरच्या पाहुण्याला करावा तसा, काही कमी नाही आणि काही जास्त नाही.

साईनाथच्या डोक्यावर हेल्मेट होतं. त्याने हनुवटीखालचा पट्टा सोडायला घेतला. तो सुटून हेल्मेट हातात येईपर्यंत दारात दुसरे पाहुणे आले होते, आणि दशरथ त्यांच्याकडे वळला होता.